वायफाय कुणाचं, नाव कुणाचं?



२६ जुलै २००८. अहमदाबादेत बॉम्बस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला. त्याचा माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या घरी. मेल त्याने पाठवला नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं, कुणीतरी ते वापरलं. तरी त्याचे कॉम्प्युटर जप्त झाले, चौकशा झाल्या. त्या घरात तुमच्या-माझ्या आडनावाचं कुणी राहत असतं तर? पुढचं मी बोलत नाही.

आयपी पत्ता कनेक्शन कुणाचं ते सांगतो, बटणं कुणी दाबली ते नाही. आणि कनेक्शन बहुतेक घरांत अब्बांच्या नावावर असतं.

मी स्वतः गाफील होतो. एकदा राउटरच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर अकरा उपकरणं जोडलेली. घरात चार फोन आणि एक टीव्ही! पासवर्ड होता अम्मीचा मोबाइल नंबर, अख्ख्या इमारतीला पाठ.

सेटिंगचा पत्ता आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड बहुधा राउटरच्या मागेच छापलेला असतो. तो अ‍ॅडमिन पासवर्ड आधी बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. जुनं डब्ल्यूईपी काही मिनिटांत फुटतं. डब्ल्यूपीएस बंदच करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत सापडतो. नेटवर्कचं नाव लपवून मात्र काही साधत नाही, शोधणाऱ्याला ते दिसतंच.

आता अवघड प्रश्न. शेजारच्या खालांना नाही कसं म्हणायचं? मुलाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. मी त्यांना गेस्ट नेटवर्क दिलं. त्याने आपले फोन-कॉम्प्युटर वेगळे राहतात, पण बाहेर दिसणारा पत्ता आपलाच असतो, हे विसरू नका. म्हणून तो पासवर्ड मी दर महिन्याला बदलतो. पहिल्यांदा खाला रुसल्या. "बेटा, आमच्यावर भरवसा नाही का?" म्हणाल्या. मी त्यांना सानपाड्याची गोष्ट सांगितली. आता एक तारखेला त्या स्वतःच नवा पासवर्ड मागायला येतात.

ज्यांनी राउटरचा फोटो काढून आणलाय, त्यांनी पुढे या. एकेक करून बघू.