इतिहासवेड्याचे छंद
(महोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



इतिहासाच्या छंदाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या चिटणिसांची आज्ञा झाली. तेव्हा आम्ही त्यांना उलट विचारले, "छंद म्हणजे नेमका कोणता?" कारण या वेडाने झपाटलेला माणूस एका ठिकाणी स्वस्थ बसत नाही. आज तो जुन्या पैशांवरची अक्षरे लावीत बसेल, उद्या मोडी कागदांची चळत पुढे घेईल, परवा सोंगट्यांचा पट मांडील. बघणाऱ्याला वाटावे, यांना दुसरा उद्योग नाही! पण या सर्व उद्योगांत एक प्रश्न समान असतो, आणि तो विचारण्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत. "ही वस्तू कोठून आली?" हा तो प्रश्न. ज्या वस्तूला याचे उत्तर देता येत नाही, तिची निम्मी वाचा गेलेली असते.

प्रथम नाण्यांचे पाहू. आपल्या बडोद्याच्या जुन्या रुपयाला लोक बाबाशाही म्हणत. हा रुपया हातात घेतला की नवशिक्याची निराशा होते, कारण त्यावरची एकही ओळ धड पुरी नसते. कारण अगदी साधे आहे. कोरलेला ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. कारागीर चकती ठशावर ठेवून वरून हातोडा मारी, तेव्हा ठशाचा जेवढा भाग चकतीखाली येईल तेवढाच उमटे. एका रुपयावर बादशहाच्या नावाचे शेवटचे अक्षर येते, दुसऱ्यावर मधला तुकडा, तिसऱ्यावर सालाचा एखादाच आकडा. अशी दहाबारा नाणी शेजारी शेजारी मांडली म्हणजे एकाचे टोक दुसऱ्याला जुळते आणि ओळ वाचता येते. म्हणून एकटे नाणे मुके असते. त्याची भावंडे जवळ असली तरच ते बोलू लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिच्याशी आपले काम आहे.

आणि ते बोलते काय? मराठ्यांच्या राज्यात टांकसाळ आपली, चांदी आपली, पण नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचे! इंदूरच्या टांकसाळीत, म्हणजे मल्हारनगरात, शहा आलम बादशहा १८०६ साली वारल्यानंतरही कित्येक वर्षे त्याच्याच नावाचा रुपया पडत होता. याला कोणी लाचारी म्हणतील. आम्ही म्हणत नाही. रुपया चालतो तो सराफाच्या विश्वासावर. ओळखीचा ठसा दिसला नाही तर सराफ बट्टा कापणार, आणि मग 'आतबट्ट्याचा व्यवहार' हा शब्द भाषेत रूढ झाला तर नवल नाही. तेव्हा बादशहाचे नाव ठेवायचे आणि आपली खूण हळूच एका कोपऱ्यात घालायची, हा व्यापारी शहाणपणा होता. महेश्वरच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे, मल्हारनगरच्या नाण्यांवर सूर्याचे मुख आहे, आणि आपल्या गायकवाडी नाण्यांवर समशेर व तिच्याजवळ त्या त्या महाराजांच्या नावाचे नागरी आद्याक्षर आहे. फारसी मजकुराच्या गर्दीत ते एकटे देवनागरी अक्षर सापडले की होणारा आनंद अनुभवावाच लागतो, सांगून समजत नाही.

पुढे १८५७ चा प्रलय होऊन दिल्लीची गादीच गेली, तेव्हा खंडेराव महाराजांच्या रुपयावरून बादशहाचे नाव उतरले. त्या जागी आले काय? 'सेना खासखेल समशेर बहादूर.' यांतला समशेर बहादूर हा किताब बाळापूरच्या लढाईतील पराक्रमाबद्दल पहिल्या दमाजीरावांना शाहू छत्रपतींकडून १७२१ साली मिळालेला. म्हणजे साताऱ्याचे राज्यही खालसा झाल्यावर साताऱ्याने दिलेला मान बडोद्याच्या रुपयावर झळकत होता. सयाजीराव महाराजांच्या तांब्याच्या पैशांवरही हीच बिरुदे आहेत आणि सोबत घोड्याचा खूर व तलवार आहे. एवढा इतिहास पाटीएवढ्या पुस्तकात मावत नाही, तो बोटाच्या पेरावर राहतो!

आता घरात या. आमच्या माताभगिनींच्या पेट्यांत पुतळ्यांची माळ असे, काही घरांत अद्याप असेल. पुतळी हा मूळचा आपला दागिना नव्हे. व्हेनिस नावाच्या इटलीतील व्यापारी नगरराज्याने १२८४ पासून पाडलेले ते सोन्याचे नाणे. त्यावर तेथील राज्यप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून बसला आहे. मसाल्याच्या आणि कापडाच्या व्यापारात ही नाणी समुद्रावरून आपल्याकडे आली. सोने चोख म्हणून सराफांनी मान्य केली आणि त्यांवरील माणसांच्या आकृती पाहून लोकांनी त्यांना पुतळ्या म्हटले. पुढे आपल्या सोनारांनी त्यांच्या नकला केल्या. तेव्हा आजीच्या माळेत एखादी अस्सल व्हेनिसची पुतळी असणे अशक्य नाही. पण नव्या सुनेला गोफ हवा असतो, माळ सराफाकडे जाते, मुशीत पडते, आणि संध्याकाळपर्यंत ती पुतळी नाहीशी होते. सोने मात्र तोळ्यालाही कमी भरत नाही, म्हणून काही हरवले असे कोणाला वाटतच नाही.

काही वर्षांमागे जुन्या वस्तीतील एक वाडा पाडला. नाव सांगत नाही. जोत्याखाली तांब्याची एक लहान घागर निघाली. मजुरांनी वाटून घेतले, मालकांनी उरलेले घेतले, ठेकेदाराच्या वाट्यालाही काही आले. आमच्या कानांवर बातमी आली तेव्हा बरेचसे भंगारवाल्याच्या तराजूत पडून गेले होते. आम्हांस अकरा नाणी पाहायला मिळाली, आणि तीही चिंचेने आणि राखेने घासून लखलखीत केलेली! घासल्याने अक्षरांच्या कडा गेल्या. पण खरी हानी त्याहून मोठी होती. पुरून ठेवलेल्या संचयात सर्वांत नवे नाणे कोणत्या सालचे, यावरून तो संचय केव्हा पुरला याचा अंदाज लागतो. मग त्या साली काय झाले होते ते पाहावे. स्वारी होती, दुष्काळ होता, की साथ होती? कोणत्या भीतीने घरधन्याने घागर पुरली, आणि तो ती काढायला परत का आला नाही? एका कुटुंबाचा हा सर्व वृत्तांत त्या घागरीत होता. अकरा नाण्यांवरून तो आता कोणालाही सांगता येणार नाही. वास्तविक १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे काही जमिनीत सापडले तर कलेक्टरांस कळविणे बंधनकारक आहे. पण कायदा ठाऊक कोणाला?

याच शहराचे उलट उदाहरणही आहे. अकोट्याला १९५१ साली ६८ जैन धातुमूर्ती निघाल्या. त्यांतील बहुतेक एकत्र राहिल्या, सयाजीबागेतील संग्रहालयात आल्या, आणि उमाकांत शहांनी त्यांवर १९५९ साली ग्रंथ लिहिला. आज पश्चिम भारतातील मूर्तिकलेचा विचार त्यांच्यावाचून होत नाही. त्याच मूर्ती एकेक करून तांबटाच्या भट्टीत गेल्या असत्या तर? चार दिवस पाणी तापविण्याची भांडी झाली असती.

नाण्याचे जे, तेच खेळाचे. खेळ ही वस्तू नव्हे, म्हणून तो हरवला हे तर आणखी उशिरा कळते. बुद्धिबळांचे वर्णन चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात आहे. सतराव्या शतकात काशीला नीलकंठ भट्टांनी नीतिमयूखात ते केले. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, म्हणजे आपल्यासारखेच घर सोडून दूर वसलेले! जुन्या खेळात वजिराला एक तिरपे घर चालण्यापलीकडे काही अधिकार नव्हता. आज पटभर धावणारा वजीर पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात जन्मला आणि तेथून फिरून आपल्याकडे आला. परंतु आपल्या घरांतून खेळताना काही जुन्या चाली शिल्लक राहिल्या होत्या. प्यादे आरंभीही एकच घर पुढे जाई. शह लागण्यापूर्वी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची, आणि समोरच्याचा राजा एकटाच उरला तर ती बुर्जी. याच देशी पद्धतीत वाढलेला मीर सुलतान खान विलायतेस गेला आणि १९२९, १९३२ व १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला.

ओसरीवर कोळशाने आखलेला मोगल-पठाणाचा पट आमच्या पिढीने पाहिला आहे. वाघ-शेळ्या, सोंगट्या, आणि दशावतारी गंजिफा, तिची गोल पाने १२०, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. सावंतवाडीच्या राजघराण्याने ती पाने रंगविण्याची कला जगविली हे थोर काम झाले. पण पाने आहेत आणि खेळायचे कसे हे सांगणारे आजोबा नाहीत, अशी कित्येक घरांची स्थिती आहे.

आता तरुण मंडळी संगणकावर राज्ये चालवितात. वडीलधारे त्यांच्यावर चिडतात, आम्ही चिडत नाही. 'युरोपा युनिव्हर्सालिस' नावाचा एक खेळ १४४४ साली सुरू होऊन १८२१ पर्यंत चालतो. तो खेळणारा आमच्या शेजारचा मुलगा बहामनी आणि विजयनगर यांच्या सरहद्दी नकाशावर बोट ठेवून दाखवितो. शाळेत हे त्याला कोणी शिकविले नव्हते. फौज दूर नेली की रसद तुटते आणि खजिना रिता असला की जय मिळूनही उपयोग नाही, हेही त्याला कळले आहे. तेवढ्यात एक दिवस त्याने विचारले, "काका, आपल्या घराण्यातले लोक इकडे आले ते कोणत्या फौजेबरोबर?" आमच्या मते या प्रश्नासाठी त्याचे सगळे रात्रीचे जागरण माफ आहे! उत्तर मात्र त्याच्या घरात कोणाजवळ नव्हते. माहिती असलेल्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या.

म्हणून विश्वस्त मंडळींपुढे एक विनंती आहे. आपल्या संस्थेत देणग्यांची वही आहे, वर्गणीची आहे, भांड्यांचीही आहे. आणखी एक वही असावी. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सभासदांनी घरातील जुने नाणे, पुतळी, मोडी कागद, पट, जे असेल ते घेऊन यावे. वस्तू संस्थेने ठेवून घ्यावयाची नाही. तिचे वजन करावे, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, आणि ती कोणत्या घरात, कोणाकडून, कशी आली हे लिहून वस्तू मालकाच्या हाती परत द्यावी. जिला माळ मोडायचीच आहे तिने खुशाल मोडावी, पण आधी नोंद करून जावी. ज्यांच्याजवळ वस्तू नाही पण खेळाचे नियम स्मरतात, त्यांनी नुसते येऊन बसावे. मुले लिहून घेतील. घासूनपुसून मात्र काही आणू नये, धूळ असली तर असू द्यावी.

सोनाराचा लहान काटा आम्ही आणू. वहीही आणली आहे, ती चिटणिसांकडे देत आहोत. तिच्या पहिल्या पानावर आमच्या घरच्या एका बाबाशाही रुपयाची नोंद केली आहे: समशेरीजवळ 'ग' अक्षर, सालाचा आकडा चकतीबाहेर गेलेला, आणि प्राप्तिस्थान, देवघरातील टाकांचा डबा. तो आकडा ज्यांच्या रुपयावर उतरला असेल त्यांनी या रविवारी अवश्य यावे.