बोर्डोचं तांबं आणि ओढ्यातले पाणपिसू



वरूड, मोर्शी, अचलपूरकडे संत्र्याला डिंक्या लागला की बोर्डो मिश्रण आलंच. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मिश्रण जमलं का, हे पाहायला बागायतदार त्यात विळ्याचं पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला, की अजून चुना घालायचा. तांबं मोकळं राहिलं तर कोवळी पानं करपतात.

हेच तांबं फवारणीचा पंप धुताना नाल्यात उतरतं. झिंक सल्फेटच्या फवारणीतलं जस्तही त्याच वाटेने येतं. अमरावतीचा अंबा नाला किंवा अकोल्याची मोर्णा पाहा, तिथे शहराच्या सांडपाण्याची भर पडते.

या पाण्यात पाणपिसू नावाचा जीव राहतो. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, इतका पारदर्शक की सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं हृदय उडताना दिसतं. तो शेवाळाचे कण गाळून खातो आणि माशांची पिल्लं त्याच्यावर वाढतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पाच मिलिग्रॅम जस्त चालतं. पाणपिसू त्याहून बऱ्याच कमी जस्ताने मरतात.

समजा, तांब्याच्या एका मात्रेने अठ्ठेचाळीस तासांत निम्मे पिसू निपचित पडतात, आणि जस्ताच्या एका मात्रेनेही तेवढेच. आता दोन्हींची निम्मी-निम्मी मात्रा एकत्र करा. पुन्हा निम्मेच पडले, तर ती साधी बेरीज. पण कधी जास्त पडतात, कधी कमी. तांबं सोडियमच्या दाराने शरीरात शिरतं. जस्त आणि कॅडमियम कॅल्शियमच्या. एकाच दारावर दोघे आले, तर एकमेकांना अडवतात. दोन दारांनी शिरले, तर सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही एकदमच ढासळू शकतात.

आपल्याकडचं काळ्या पाषाणातलं पाणी जड, कॅल्शियमवालं. ते या जिवांना बरंच सांभाळून घेतं. मात्र पावसाचं पाणी मुळात हलकं. मोठी सर आली की नाल्यातलं कॅल्शियम विरळ होतं, आणि बागेतलं तांबं वाहून येतं तेही त्याच सरीबरोबर. मला सगळ्यात जास्त काळजी या दिवसांची वाटते.

पाण्याच्या तपासणीच्या कागदावर तांबं एका ओळीत असतं, जस्त दुसऱ्या ओळीत, आणि दोन्हींपुढे ‘मर्यादेत’. दोन्ही मिळून काय करतात, ते त्यावर दिसत नाही. माझी आपल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना विनंती आहे: पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याचं पाणी आणा, त्यात पाणपिसू सोडा आणि अठ्ठेचाळीस तासांनी मोजा. बागायतदारांनीही पंप नाल्यावर न नेता बागेतच धुवावा, नाल्यापासून आणि विहिरीपासून लांब.