तोल आणि नजर

आपल्या हाताशी वर्तमानपत्र असेल तर एक लहानसा प्रयोग करून पाहावा. डोके स्थिर ठेवून ते पत्र डावी-उजवीकडे झपाट्याने हलवावे. अक्षरे पुसट होतात. आता पत्र स्थिर धरून तितक्याच वेगाने डोके हलवावे. अक्षरे वाचता येतात! ही किमया नुसत्या डोळ्यांची नव्हे, कानांचीही आहे. प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव किंचित मागे रेंगाळतो, त्याची वर्दी मज्जातंतू मेंदूला पोचवतो, आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे उलट दिशेने फिरू लागतात.

या तोलाच्या मज्जातंतूच्या आवरणात कधी कधी एक गाठ उद्भवते. ती कर्करोगाची नसते आणि बहुधा सावकाश वाढते. शस्त्रक्रियेने ती काढताना त्या बाजूचा तोलाचा मज्जातंतूही बहुधा तोडावा लागतो. डोके स्वस्थ असतानाही दोन्ही कानांकडून मेंदूकडे संदेश सारखे चालूच असतात. त्यांतील एक बाजू अकस्मात मुकी झाली, की मेंदूची समजूत होते की डोके गरगर फिरत आहे. म्हणून पहिले काही दिवस भोवळ आणि ओकाऱ्या. गंमत अशी, की गाठीने मज्जातंतू आधीच पोखरून टाकला असेल तर हा त्रास पुष्कळदा कमी होतो; मेंदूने त्या उणिवेशी पूर्वीच जुळवून घेतलेले असते.

हे वादळ काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरते. गाठ गेली, जखम भरली, आप्तांना वाटते सारे संपले. पण रोगी बाजारात जातो, शस्त्रक्रियेच्या बाजूला चटकन मान वळवतो, आणि दुकानांच्या पाट्या डोळ्यांपुढून निसटतात. अंधारात, वाळूत पाऊल डळमळते. अशा माणसाविषयी रस्त्यावरचे लोक काय तर्क करतात, ते सांगायला नको.

१९५२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टराने स्वतःचा अनुभव लिहिला. त्याला गाठ नव्हती. स्ट्रेप्टोमायसिनने त्याच्या दोन्ही कानांची तोल सांभाळण्याची शक्ती नेली होती. नाडीच्या ठोक्यासरशी पानावरची अक्षरे उडत, म्हणून पलंगाच्या उशाकडील दोन गजांत डोके टेकवून तो वाची. एका कानाचा तोल गेलेल्याची अवस्था इतकी बिकट नसते. दुसरा कान शाबूत असतो.

मग उपाय काय? १९४० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी अशा रोग्यांसाठी डोके व डोळे हलवण्याचे व्यायाम बसवले. आजचे व्यायाम त्याच वळणाचे आहेत. भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. अक्षर पुसट होऊ लागेल इतपत वेग वाढवायचा. ते पुसटपण म्हणजेच लहान मेंदूला मिळालेली चुकीची सूचना, आणि तिच्यावाचून तो शिकत नाही. तुटलेला मज्जातंतू काही पुन्हा काम करू लागत नाही. पण निसटलेली नजर जागेवर आणणारी एक सूक्ष्म उडी डोळे इतक्या लवकर घेऊ लागतात, की ती ध्यानातही येत नाही.

येथे घरच्यांची माया आड येते. “हलू नकोस, पडून राहा” म्हणून पाण्याचा पेलाही हातात देणारी माणसे त्या मेंदूची शिकवणीच बंद पाडतात. भोवळीच्या गोळ्या दीर्घकाळ घेण्यानेही तेच होते. डॉक्टरांनी परवानगी दिली, की रोग्याला दिवसातून दोनतीनदा, कुणीतरी बरोबर घेऊन, मान वळवीत चालू द्यावे. रात्री मात्र न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असावा.