आनंदाच्या आधीचे दोन तास

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षकांचा अभिप्राय आपल्या हाती आहेच. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आकड्यांवाचून बोलण्याची आम्हांस सवय नाही. तथापि ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात न बसणाऱ्या एका विषयावर आज चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

दरवर्षी १४ नोव्हेंबरला आपल्या बालरुग्ण विभागात बालदिनाचा स्नेहमेळावा होतो. पंडित नेहरूंचा हा जन्मदिवस. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचाही जन्म १८९१ साली याच तारखेस झाला. म्हणून हाच दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास प्रथम इन्सुलिन देण्यात आले. त्यापूर्वी हा आजार जडलेली मुले फार काळ जगत नसत. आज तीच मुले आपल्या मेळाव्यात नाचतात, गातात. हा योगायोग आम्ही दरवर्षी भाषणात मोठ्या कौतुकाने सांगत असू. २०२३ च्या बालदिनी मात्र त्याचा खरा अर्थ आम्हांस शिकावा लागला.

कार्यक्रम अकरा वाजता होता. पाहुण्यांसमोर गोंधळ नको, म्हणून मुलांना नवे कपडे घालून नऊ वाजताच सभागृहात बसविण्याची सूचना आमच्याच सहीने निघाली होती. मुलांना आठ दिवसांपासून कार्यक्रमाची आठवण करून दिली जात होती. आदल्या रात्री अनेकांना झोप लागली नव्हती. सकाळपासून फुगे, रंगीत पताका, ध्वनिक्षेपकाची चाचणी. साडेनऊपर्यंत सभागृहाचे बाजारात रूपांतर झाले. कोणी खुर्चीवर उभे, कोणी रडत, कोणी हसत सुटलेले. आम्ही व्यासपीठावरून दोन वेळा "शांत बसा" असे बजावले. उपयोग झाला नाही.

त्यांत सात वर्षांची एक मुलगी होती. तिला नाचायचे होते. ती थरथरत होती, घामाघूम झाली होती आणि कोणी बोलले की चिडत होती. "फार आनंद झालाय पोरीला," असे आम्ही शेजारच्या विश्वस्तांना म्हणालोही. एवढ्यात विभागाच्या ज्येष्ठ परिचारिका तेथे आल्या. त्यांनी मुलीच्या कपाळावर हात ठेवला व म्हणाल्या, "साहेब, आनंदानं एवढा घाम येत नाही." बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासले तेव्हा साखर ५४ भरली. मुलांत ती ७० च्या खाली गेली की उपाय करावाच लागतो. सकाळी इन्सुलिन वेळेवर दिले गेले होते; पण नटण्याच्या घाईत तिने उपम्याची बशी तशीच खाटेखाली सरकवली होती. ती शुद्धीवर होती, गिळू शकत होती. पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी झाली आणि मग तिला पोटभर खाऊ घातले. कार्यक्रम वीस मिनिटे उशिरा सुरू झाला. ती नाचली. आणखी अर्धा तास कोणाचे लक्ष गेले नसते तर काय झाले असते, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावले की, अति उत्साहात आणि साखर उतरल्यावर शरीरात अॅड्रेनलिन हेच द्रव्य स्रवते. म्हणून घाम, कंप आणि धडधड दोहोंत सारखीच दिसते. मधुमेही मूल समारंभाआधी फार उल्हसित दिसले, तर आधी साखर तपासावी आणि मगच समजूत घालावी, हा नियम आता आपल्या विभागात लेखी आहे.

परंतु आमच्या मनास लागली ती वेगळी गोष्ट. त्या दिवशी सभागृहातील सर्वच मुले अनावर झाली होती, आणि ती आम्हीच तशी केली होती. अपुरी झोप, रिकामे पोट, दोन तासांची प्रतीक्षा व कानठळ्या बसविणारा आवाज; एवढे झाल्यावर मोठा माणूसही शांत राहत नाही. दोष मात्र मुलांच्या पदरी टाकला गेला.

म्हणून २०२४ पासून आम्ही व्यवस्था बदलली. मेळावा न्याहरीनंतर लगेच, पाऊण तासाचा. बशी रिकामी झाल्याची खात्री परिचारिका करतात. त्याशिवाय टोपी मिळत नाही. कार्यक्रमाची वार्ता लहान मुलांना आदल्या दिवशीच दिली जाते, कारण "आठ दिवसांनी" म्हणजे किती, हे त्यांना उमगत नाही. आधी काय, नंतर काय, हे चार चित्रांनी भिंतीवर दाखविले जाते. प्रत्येक मुलास एक काम असते: कोणी पताका मोजतो, कोणी पाहुण्यांना फूल देतो. शेजारची खोली शांत ठेवलेली असते. ज्याला गोंगाट सोसवत नाही, त्याने तेथे यावे, व ती शिक्षा नाही, हे आधीच सांगितलेले असते. साबणाच्या पाण्याचे फुगे फुंकावयास दिले की श्वास आपोआप लांब आणि संथ होतो. हा उपाय "शांत बसा" या आज्ञेपेक्षा कितीतरी गुणकारी ठरला.

पालकहो, घरी वाढदिवस वा मुंज असेल तेव्हाही हेच करता येईल. आदल्या रात्रीची झोप मोडू देऊ नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप हवी असते. पाहुणे येण्यापूर्वी वरणभात खाऊ घालावा. मूल उड्या मारू लागले तर दुरून ओरडू नये. जवळ जाऊन, खाली बसून, हलक्या आवाजात, काय करू नये यापेक्षा काय करावे हे सांगावे. चारचौघांत लाज वाटेल असे बोलू नये.

केकमधील साखरेने मुले उच्छाद मांडतात, असा समज सार्वत्रिक आहे. १९९५ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साखरेचा मुलांच्या वागणुकीवर असा परिणाम आढळला नाही. गोडधोड बेताने द्यावे याची कारणे अन्य आहेत. उच्छादाचे मूळ मात्र बहुधा गर्दीत, जागरणात व आपल्याच धांदलीत असते.

देणगीदारांस एक नम्र विनंती आहे. मेळाव्यास अवश्य यावे, पण वेळेपूर्वी पाच मिनिटे यावे. मुलांना छायाचित्रासाठी तिष्ठत ठेवू नये. अनपेक्षित भेटवस्तू आणल्यास ती आधी परिचारिकांकडे द्यावी. या कारणास्तव मान्यवरांची भाषणेही आम्ही दोनवर आणली आहेत. त्यांतून वगळलेले पहिले भाषण आमचेच होते, हे नमूद करणे उचित होईल.

या साऱ्या बदलांचा खर्च किरकोळ खर्चाच्या रकान्यातही वेगळा दाखविण्याजोगा नाही. त्या ज्येष्ठ परिचारिकांचे आणि आपणां सर्वांचे ऋण मान्य करून आम्ही आपली रजा घेतो.