बंधाऱ्यावरचा भौतिकशास्त्राचा पाठ

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा ओसरला की कोल्हापूर जिल्ह्यातील नद्यांवर एक काम दरवर्षी होते. बंधाऱ्याच्या खांबांमधील खाचांत बरगे बसविले जातात. बरग्यांच्या दोन ओळी, त्यांच्यामध्ये मातीचे भरण, आणि नदीचे पाणी अडते. पहिला पूर येण्यापूर्वी हेच बरगे काढून ठेवावे लागतात. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' या नावाने ही रचना राज्यभर ओळखली जाते. भौतिकशास्त्राचा पहिला पाठ शिकविण्यासाठी याहून चांगली प्रयोगशाळा खेड्यातील शाळेला सहसा मिळणार नाही.

या बंधाऱ्यावर उभे राहून विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा. बंधाऱ्यामागे पाणी चार किलोमीटरपर्यंत तुंबले आहे. बंधाऱ्यापाशी खोली तेवढीच राहून ते दोनच किलोमीटर तुंबले असते, तर बरग्यांवरील भार निम्मा झाला असता काय? 'होय' म्हणण्याचा मोह मोठ्यांनाही होतो. इतके पाणी पाठीशी उभे असताना त्याचा भार बरग्यावर येणारच, असे मनाला वाटते. उत्तर मात्र 'नाही' असे आहे. स्थिर पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो. पाणी मागे किती दूरवर पसरले आहे, यावर नव्हे.

गंमत अशी की, हेच उत्तर विद्यार्थ्याने परीक्षेत अनेकदा लिहिलेले असते. दाब म्हणजे खोली, घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, हे सूत्र त्याला पाठ आहे. त्या सूत्रात लांबी कोठेच नाही, हे त्याच्या लक्षात आणून दिलेले नसते. सूत्र येते आणि संकल्पना येत नाही, ते असे.

आता थोडा हिशेब. पाण्यात एक मीटर खाली गेले की दर चौरस मीटरला सुमारे एक टन वजनाइतका दाब वाढतो. दोन मीटर लांब आणि पंधरा सेंटिमीटर उंच अशा फळीचे क्षेत्रफळ 0.3 चौरस मीटर भरते. एक मीटर खोलीवर तिच्यावर सुमारे 300 किलो वजनाइतका भार येईल. तीन मीटर खोलीवर सुमारे 900 किलोइतका. फळी तीच आणि पाणीही तेच. दगडी धरणाची भिंत तळाशी रुंद का ठेवतात, याचे एक मोठे कारण विद्यार्थ्याला येथेच सापडेल.

शब्दांची अडचणही लक्षात घ्यावी लागेल. जोर, ताकद, दाब, शक्ती हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. शास्त्रात बल वेगळे आणि दाब वेगळा. ऊस तोडताना हाताचे बल तेवढेच असते. कोयत्याला धार लावली की तेच बल कमी क्षेत्रफळावर येते आणि दाब वाढतो. तालमीतील मल्ल जड वजन डोक्यावर धरून स्तब्ध उभा राहिला, तर शास्त्राच्या भाषेत त्या वजनावर कार्य शून्य होते. घामाघूम झालेल्या मल्लाला हे पटविणे सोपे नाही. म्हणूनच वर्गात या शब्दांवर दोन तास खर्ची पडले, तरी ते वाया जात नाहीत.

वर्गातील प्रयोगासाठी पत्र्याचा डबा पुरतो. त्याला वर, मध्ये आणि खाली तीन भोके पाडावीत व पाणी भरत राहावे. खालच्या भोकातून पाणी सर्वांत वेगाने बाहेर पडते. येथे एक सावधगिरी हवी. खालची धार सर्वांत लांब पडल्याचे चित्र पुष्कळ पुस्तकांत असते. पण डबा जमिनीवरच ठेवला, तर खालच्या धारेला पडायला उंचीच मिळत नाही आणि मधली धार सर्वांत लांब जाते. चित्राप्रमाणे घडले नाही म्हणून शिक्षकाने प्रयोग गुंडाळू नये. डबा त्याच्या उंचीइतक्या तरी उंच स्टुलावर ठेवावा, म्हणजे खालची धार पुढे जाईल. हा फरक का पडला, हे मुलांनाच शोधू द्यावे.

पंचायत सदस्यांसाठीही हा विषय परका नाही. गावाच्या टोकाच्या नळाला पाणी जोराने येत नाही, म्हणून मोठी टाकी बांधावी अशी मागणी होते. टाकी दुप्पट मोठी केली, पण पाण्याची पातळी तेवढ्याच उंचीवर राहिली, तर साठा वाढेल. दाब वाढणार नाही. दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, हे प्रमाण टाकीच्या आकाराने बदलत नाही. अरुंद नळातील घर्षणाने दाब वाटेत खर्च होतो, तो भाग निराळा. खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी एवढे तपासले, तर गावचा पैसा योग्य जागी लागेल.

नदीकाठच्या शेतकऱ्यास यातील एक गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तो मोटार खाली सरकवितो. पंप पाणी 'ओढतो' असे म्हटले जाते. वस्तुतः पंप नळातील दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 10.3 मीटर पाणी तोलून धरतो. कोल्हापूर उंचावर असल्याने येथे त्याहून कमी. प्रत्यक्षात सहा-सात मीटरपलीकडे पंपाचा भरवसा धरता येत नाही. मोटार कितीही मोठ्या अश्वशक्तीची घेतली, तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

वाहत्या पाण्याचा विचार शेवटी, पण सर्वांत गांभीर्याने करावयास हवा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 व 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्याच वेळी पाणी माणसाला वर उचलते, पायावरील भार घटतो आणि जमिनीशी असलेले घर्षणही घटते. कमरेइतके पाणी ओलांडू पाहणारा धट्टाकट्टा तरुणही त्यामुळे तोल गमावतो. प्लावक बलाचा धडा शिकविताना हे उदाहरण अवश्य द्यावे.

पावसाळ्यानंतर बरगे बसविण्याचा दिवस ठरला की पंचायतीने तो शाळेस आधी कळवावा. मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली काठावरूनच पाहू द्यावे, आणि चार किलोमीटर पाण्याचा तो प्रश्न त्यांना तेथेच विचारावा.