औषधाला हुकूम कोण देतो?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत, झाशी येथे दिलेले भाषण)

या व्याख्यानमालेत आजवर डॉक्टर बोलले, प्राध्यापक बोलले. यंदा कार्यकारिणीने वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातल्या एका डिप्लोमावाल्याला उभे केले आहे आणि त्याने विषय निवडला आहे औषधाचा! घाबरू नका, मी कोणाची नाडी बघणार नाही. दाब, ओढ आणि ढकल ही आमची रोजची भाषा. शरीरात गेलेले औषध कधी आणि कुठे सुटावे हे या बलांवरही ठरवता येते, एवढेच सांगणार आहे.

पहिले उदाहरण आपल्यापैकी काहींच्या घरात असेल. साधी गोळी घेतली की रक्तातले औषध चढते आणि काही तासांनी उतरते. रक्तदाबाच्या रुग्णाला मात्र दिवसभर सारखे प्रमाण हवे असते. आता स्वयंपाकघरात चला. बेदाणे पाण्यात टाकले की टपोरे फुगतात, कारण सालीतून पाणी आत ओढले जाते. याला परासरण म्हणतात. या ओढीतून निर्माण होणारा दाब चांगलाच जोरकस असतो.

अमेरिकेतील अल्झा कंपनीच्या फेलिक्स थेउवेस यांनी १९७५ साली या दाबावर चालणाऱ्या गोळीचा निबंध प्रसिद्ध केला. पुढे निफेडिपिन हे रक्तदाबाचे औषध अशा गोळीतून मिळू लागले. या गोळीचे कवच पाणी आत घेते, पण औषध बाहेर सोडत नाही. आत दोन थर असतात, वर औषध आणि खाली पाण्याने फुगणारा पदार्थ. औषधाच्या बाजूला लेसरने पाडलेले बारीक छिद्र असते. खालचा थर फुगतो आणि पिस्टनसारखा औषधाला हळूहळू छिद्रातून बाहेर ढकलतो. न मोटर, न बॅटरी, आणि हा पंप जवळजवळ दिवसभर एका चालीने चालतो.

ज्येष्ठांनी इथे विशेष लक्ष द्यावे. अशी गोळी तोडू नये, कुटू नये, चावू नये. कवच फुटले की दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरू शकतो आणि रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. गोळी मोठी वाटते म्हणून अर्धी करण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारा. आणि रिकामे कवच शौचावाटे बाहेर पडलेले दिसले तर घाबरू नका. औषध आपले काम करून गेलेले असते.

या गोळीला वेळ कळते, पण जागा कळत नाही. जागेचे महत्त्व मला काही वर्षांपूर्वी समजले. वडिलांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. डॉक्टर म्हणाले, "गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतो, पण ते साऱ्या अंगात फिरते. दुसरीकडे रक्तस्राव होण्याचा धोका आहे. सही करा." वेळ थोडा होता. मी सही केली. वडील वाचले, आज काठी घेऊन चालतात. पण औषधाला नेमकी गुठळी सापडेल अशी काही युक्ती का नसावी, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला.

त्यावर काम चालू आहे, आणि ते वाचून आमच्यासारख्याची कळी खुलते. नळी अरुंद झाली की तिथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि द्रवाचे थर एकमेकांना जोराने खेचतात. कारखान्यात आपण म्हणतो ना, रिव्हेट शिअर झाली? तेच हे बल. निरोगी धमनीत ते दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७० डाइनच्या आत असते. फार अरुंद झालेल्या जागी ते १,००० च्या वर जाते.

हार्वर्डच्या वीस संस्थेतील डोनाल्ड इंगबर, नेतानेल कोरिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली याच फरकाचा उपयोग केला. त्यांनी अतिसूक्ष्म कणांचे लाडू वळले, रक्तातल्या बिंबिकांएवढे. निरोगी वाहिनीत हे लाडू अखंड फिरतात. अरुंद जागी बल वाढले की फुटतात आणि गुठळी विरघळवणारे औषध लावलेले कण तिथेच चिकटतात. उंदरांवरच्या प्रयोगांत गुठळ्या विरघळल्या आणि फुप्फुसातल्या जीवघेण्या गुठळीतून उंदीर वाचले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी मसुराच्या दाण्यासारख्या चपट्या पिशव्या बनवल्या. स्थिर असताना त्या औषध धरून ठेवतात आणि बल वाढले की सोडतात.

हे वाचताना मला आमचा एअर ब्रेक आठवला. ब्रेक पाइपमध्ये ५ किलो दाब असतो. चालत्या गाडीचे दोन तुकडे झाले तर पाइप सुटतो, हवा निघून जाते आणि तेवढ्यानेच दोन्ही तुकड्यांचे ब्रेक लागतात. गार्डने झेंडी दाखवायची वाट बघावी लागत नाही. बिघाड स्वतःच हुकूम देतो. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७० च्या दशकात रेल्वेला दिलेली ही शहाणपणाची गोष्ट आता औषधशास्त्राच्या दारात उभी आहे. वाहिनी जिथे अरुंद झाली, त्या अरुंदपणानेच औषधाला हाक मारायची.

अडचण आहेच. वाहिनी पूर्ण बंद झाली तर प्रवाह थांबतो, मग बल कुठून येणार? २०१५ साली संशोधकांनी सशांवर यावर उपाय करून पाहिला. तात्पुरता स्टेंट घालून गुठळीतून थोडी वाट काढली, आणि त्या चिंचोळ्या वाटेतल्या प्रवाहाने लाडू फुटले. तरी हे औषध अजून रुग्णालयात मिळत नाही. तेव्हा तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर क्षणभरही वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठा. आज तरी वेळ हेच मोठे औषध आहे.

शेवटी बालमित्रांना एक सांगतो. मेकॅनिकल घेतले म्हणजे जन्मभर नट-बोल्टच, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. शरीरातही पंप आहेत, व्हॉल्व्ह आहेत, पाइप आहेत. तिथेही आपल्यासाठी पुष्कळ काम पडले आहे.

गणपती बाप्पा मोरया!