पाण्याच्या हौदापासून चहाच्या दुकानापर्यंत
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



इतिहासाच्या पाठांत राजांची नावे असतात, लढायांची असतात आणि कायद्यांचीही असतात. परंतु ज्यांच्या पाठीवर त्या त्या काळाचे वळ उठले, त्या माणसांची नावे पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतात. कोल्हापूरचे गंगाराम कांबळे हे अशा माणसांपैकी एक होत. त्यांचे चरित्र लहान आहे. परंतु समतेचा पाठ मुलांना शिकवू इच्छिणाऱ्या शिक्षकाला त्यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

छत्रपती शाहू महाराजांनी १८९४ साली करवीर राज्याची सूत्रे हाती घेतली. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी राज्याच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद झाली. १९१८ साली महार वतने खालसा होऊन त्या जमिनी रयतावा झाल्या. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवावीत, असे ठरले. राजाच्या इच्छेविषयी कोणाला शंका उरू नये, इतके हे हुकूम स्पष्ट होते. तथापि हुकूम कचेरीतून निघतो आणि रूढी घराघरात नांदत असते. त्या दोहोंमधील अंतर किती असते, हे गंगारामांच्या आयुष्यावरून कळते.

गंगाराम हे महाराजांच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांची निगा राखणे हे त्यांचे काम. पागेच्या आवारात पाण्याचा एक हौद होता व तो सवर्ण नोकरांसाठी राखलेला होता. एके दिवशी गंगारामांनी त्या हौदाला हात लावला, त्यातील पाणी घेतले. एवढ्यावरून तेथील नोकरांनी त्यांना निर्दयपणे मारहाण केली. ज्या घोड्याला गंगाराम रोज आपल्या हातांनी खरारा करीत, त्या घोड्याच्या स्पर्शाने कोणी बाटत नव्हते. बाटत होते ते गंगारामांच्या हाताने.

महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. ते परत आल्यावर गंगारामांनी त्यांच्यापुढे जाऊन आपली हकीकत सांगितली. हे धाडस सामान्य नव्हते. ज्यांच्याबरोबर उद्या पुन्हा काम करावयाचे, त्यांच्याविरुद्ध तोंड उघडणे त्या काळी जिवावर बेतणारे होते. महाराजांनी अपराध्यांना कडक शासन केले. येथे गोष्ट संपली असती, तर ती केवळ एका दयाळू राजाची कथा ठरली असती. परंतु दोषींना शिक्षा झाली म्हणून मार खाणाऱ्याचे आयुष्य बदलत नाही, हे महाराज जाणून होते. त्यांनी गंगारामांना पागेच्या चाकरीतून मोकळे केले आणि स्वतंत्र धंदा करण्यास सांगून त्यासाठी साहाय्यही दिले.

गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान थाटले आणि त्यावर ‘सत्यसुधारक हॉटेल’ अशी पाटी लावली. या निवडीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. त्यांना शिवण करता आली असती, लाकूडफाटा विकता आला असता. त्या धंद्यांत स्पर्शाचा प्रश्न इतक्या उघडपणे उभा राहिला नसता. चहाच्या दुकानात मात्र तो प्रत्येक कपागणिक उभा राहतो. ज्या हातांनी हौदातील पाणी घेतले म्हणून मार मिळाला, त्याच हातांनी उकळलेले पाणी भररस्त्यावर गावाला प्यावयास देणे, हे त्या माराला दिलेले उत्तर होते. त्यात शिवी नव्हती, सूड नव्हता. होती ती फक्त भरलेली कपबशी.

आरंभी त्या दुकानाकडे कोणी फिरकेना. लोक पाटी वाचीत व पुढे जात. चूल पेटलेली, भांडी घासूनपुसून मांडलेली, आणि गिऱ्हाईक नाही! अशा दुकानाचे दार रोज सकाळी पुन्हा उघडणे, यालाच धैर्य म्हणावयाचे. महाराजांच्या कानी हे गेले, तेव्हा त्यांनी नवा हुकूम काढला नाही. ते स्वतः आपली गाडी घेऊन त्या दुकानासमोर येऊ लागले. गाडी थांबवून ते गंगारामांना हाक मारीत, भर रस्त्यात त्यांच्या हातचा चहा घेत आणि सोबतच्या मानकऱ्यांना व अधिकाऱ्यांनाही तो घ्यावयास लावीत. छत्रपती जो चहा पितात, तो आपण कसा नाकारावा, असा पेच मग शहराला पडला. हळूहळू दुकान चालू लागले. पुढे महाराजांनी सोडावॉटरचे यंत्रही गंगारामांना मिळवून दिले, अशी आठवण कोल्हापुरात सांगितली जाते.

६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले. त्यानंतर गंगारामांनी पुढाकार घेऊन कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभे केले. महाराजांचे ते पहिले स्मारक म्हणून ओळखले जाते. ज्याला एके काळी हौदावरील पाण्याची ओंजळ नाकारली गेली, त्याने छत्रपतींच्या स्मृतीसाठी पदरमोड करावी व लोकांना एकत्र आणावे, यातच त्या आयुष्याचे परिवर्तन सामावलेले आहे. पागेतील चाकर दुकानदार झाला, आणि दुकानदार हा गावातील एक कर्ता नागरिक झाला.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नव्हता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांसाठी पिण्याच्या पाण्याचे नळ वेगळे असत आणि उपाहारगृहांत त्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो या शहरात चार काळे विद्यार्थी एका मोठ्या दुकानातील गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही. तरी दुकान बंद होईपर्यंत ते तेथून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी अधिक विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. त्याच वर्षीच्या जुलैत ती जागा सर्वांना खुली झाली. तेथे कॉफी मागणारा अडविला गेला, येथे चहा देणारा टाळला गेला. समुद्र ओलांडून पाहिले तरी पाणी आणि पेला यांवरच माणसाची किंमत ठरविली जात होती. ही गोष्ट महात्मा फुल्यांनी फार पूर्वी ओळखली होती. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, तो याच जाणिवेने.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व तलाव यांचा नावानिशी उल्लेख आहे. तो अनुच्छेद वाचताना पागेतील हौद आणि भाऊसिंगजी रोडवरील दुकान डोळ्यांसमोर उभे राहावे, इतका त्यांचा संबंध जवळचा आहे.

आता शिक्षकांच्या कर्तव्याचा विचार. प्रत्येक गावात राजाची गाडी येत नाही. परंतु प्रत्येक गावात शिक्षक असतो. शाळेतील पाण्याचे पिंप कोण भरतो, पोषण आहार शिजविणाऱ्या बाईंच्या हातचे सर्व मुले मोकळेपणी जेवतात की कोणी घरून डबा आणण्याचे निमित्त सांगते, पंगतीत कोण कोणाच्या शेजारी बसते, झाडलोटीसाठी रोज त्याच मुलांची नावे पुकारली जातात काय, या गोष्टी हजेरीपत्रकात लिहिल्या जात नाहीत. त्या शिक्षकाच्या डोळ्यांनीच पाहावयाच्या असतात. जेथे आडकाठी दिसेल, तेथे उपदेशापूर्वी शिक्षकाने स्वतः त्या ताटात जेवावे, त्या पिंपातील पाणी प्यावे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जे केले, ते याहून निराळे नव्हते.

ही कथा वर्गात सांगताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे, की ती केवळ राजाच्या कृपेची कथा म्हणून सांगू नये. तक्रार करण्याचे, पाटी लावण्याचे आणि रिकामे दुकान रोज उघडण्याचे धैर्य गंगारामांचे होते, हे मुलांच्या मनावर ठसले पाहिजे. दुसरे असे, की कथा चालू असताना वर्गातील कोणत्याही मुलाकडे माना वळता कामा नयेत. ज्या मुलाला या कथेने मान खाली घालावी लागेल, त्याला ती कळली नाही असे नव्हे. ती सांगणाऱ्याला कळली नाही, असे समजावे. त्या मुलाने ताठ मानेने गंगाराम कांबळे हे नाव उच्चारावे आणि त्याच्या शेजारच्या मुलाने मधल्या सुट्टीत त्याच्या पेल्यातील पाणी सहज प्यावे, एवढे साधले म्हणजे तो पाठ पुरा झाला.